दहा गिगाहर्ट्झवर दोन ॲम्प्लिफायरची पॉवर वेव्हगाइडने कशी जोडावी

एक्स-बँडसाठी (साधारण ८ ते १२ गिगाहर्ट्झ) १० वॅटचं ॲम्प्लिफायर मॉड्यूल भंगारातून किंवा जुन्या लिंकमधून थोड्या खटपटीने मिळतं. २० वॅटचं एकच मॉड्यूल शोधायला गेलं की किंमतही वाढते आणि वाटही पाहावी लागते. म्हणून १० वॅटची दोन मॉड्यूल घेऊन त्यांचं आउटपुट वेव्हगाइडने, म्हणजे धातूच्या पोकळ चौकोनी नळीने, एकत्र करायचं. काम किचकट नाही, पण क्रम चुकला की अर्धी पॉवर लोडमध्ये (पॉवरची उष्णता करून जिरवणाऱ्या भागात) जळते आणि मीटरवर तर सगळं ठीक दिसतं.

उदाहरणासाठी १०.३६८ गिगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी घेतली आहे. हौशी रेडिओवाले बहुतेक ठिकाणी अरुंद बँडचं बोलणं याच्या आसपास करतात. तुमच्या परवान्यात कोणता पट्टा आणि किती वॅट लिहिले आहेत ते पाहा आणि आकडे त्याप्रमाणे बदला. परवाना नसेल तर सगळं काम डमी लोडवर करा, अँटेना जोडू नका.

आधी एक हिशोब. दोन ॲम्प्लिफायर जोडून जास्तीत जास्त ३ डेसिबल, म्हणजे दुप्पट पॉवर मिळते. ६० सेंमीच्या डिशऐवजी ८५ सेंमीची बसवली तरी तेच ३ डेसिबल मिळतात, आणि वर ऐकतानाही मिळतात. खानदेशात तर भूगोलच मदतीला आहे: उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधे तापीचं सपाट खोरं. पाल किंवा तोरणमाळसारख्या उंच जागेवरून समोरचा डोंगर थेट दिसत असेल तर ६० सेंमीच्या दोन डिशवर १०० किमीला १० मिलिवॅटसुद्धा पुरतात. तिथे २० वॅट लावणं म्हणजे हौस. पॉवर खरी लागते ती आड डोंगर असताना, किंवा पावसाळ्यात ढगांवरून सिग्नल विखरून पलीकडे पोचवायचा असेल तेव्हा. अशा कामासाठी डिश मोठी करून झाली असेल आणि तरी कमी पडत असेल, तरच पुढे वाचा.

वेव्हगाइडच का

१० गिगाहर्ट्झवर ०.१४१ इंची सेमी-रिजिड केबल मीटरला साधारण दीड डेसिबल खाते. डब्ल्यूआर-९० तांब्याचं वेव्हगाइड मीटरला ०.१ च्या आसपास. म्हणजे आउटपुटला २० सेंमी केबल वापरली तर ०.३ डेसिबल, म्हणजे जवळपास ७ टक्के पॉवर केबल गरम करण्यात गेली. त्यावर कोॲक्सचा कंबाइनर लावला की आणखी अर्धा डेसिबल. एवढं घालवल्यावर दुसऱ्या ॲम्प्लिफायरने जे दिलं त्याचा मोठा हिस्सा परत गेला.

यातूनच सगळ्या जुळणीचा नियम निघतो: ॲम्प्लिफायरच्या पुढे फक्त धातू आणि हवा. फेज जुळवणं (दोन लहरींचे चढ-उतार एकाच वेळी यावेत असं करणं), पातळी कमी-जास्त करणं, मोजमापाची अडगळ, जे काही नुकसान करायचं ते ॲम्प्लिफायरच्या आधी, मिलिवॅटमध्ये करायचं. तिथे २ डेसिबल गेले तरी ड्राइव्ह (ॲम्प्लिफायरला आत दिलेला सिग्नल) थोडा वाढवला की भरून निघतात.

डब्ल्यूआर-९० चं आतलं माप २२.८६ × १०.१६ मिमी. कट-ऑफ ६.५६ गिगाहर्ट्झ (त्याखालचा सिग्नल गाइडमधून जात नाही), वापर ८.२ ते १२.४ पर्यंत. १०.३६८ वर मोकळ्या हवेतली तरंगलांबी २८.९ मिमी, पण गाइडच्या आत ती ३७.३ मिमी होते. हा दुसरा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. गाइडची लांबी १ मिमीने चुकली की फेज ९.६ अंशांनी सरकते. सेमी-रिजिड केबलमध्ये टेफ्लॉनमुळे तरंगलांबी २०.१ मिमी असते, म्हणून तिथे १ मिमीला जवळजवळ १८ अंश. केबल कापताना अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर ९ अंश गेले.

सामान

एकसारखी दोन मॉड्यूल, शक्यतो एकाच बॅचची. इथे धरलेली: आउटपुट १० वॅट म्हणजे ४० डीबीएम (१ मिलिवॅटच्या वर इतके डेसिबल), गेन ३० डेसिबल, १२ व्होल्टला ४ अँपिअर. आउटपुट एसएमए (आट्यांचा छोटा कोॲक्स कनेक्टर) असेल तर एसएमए ते डब्ल्यूआर-९० चे दोन ॲडॅप्टर, दोन्ही एकाच बनावटीचे. ॲडॅप्टर घरी बनवता येतो, पण प्रोबची लांबी आणि मागच्या भिंतीचं अंतर मोजून मोजून जमवावं लागतं, आणि दोन नग अगदी सारखे निघणं कठीण. हे विकतच घ्या.

एक मॅजिक टी (चार तोंडांचा गाइडचा जोड, बेरीज इथे होते), दोन सारखे बेंड, दोन डायरेक्शनल कपलर (मोजण्यापुरता छोटा हिस्सा काढणारे, २० किंवा ३० डेसिबलचे), इनपुटला १० गिगाहर्ट्झचा दुहेरी विल्किन्सन स्प्लिटर (सिग्नलचे दोन सारखे वाटे करणारा), एका फांदीत फेज थोडी मागे-पुढे करणारा फेज ट्रिमर, दोन्ही फांद्यांत पातळी कमी करणारे छोटे फिक्स्ड ॲटेन्युएटर. आणि दोन लोड.

लोडपाशी थोडं थांबू, कारण इथेच पैसे वाचवायचा मोह होतो. मॅजिक टीच्या चौथ्या तोंडाला लोड लागतो. सगळं जुळलं की त्यात जवळजवळ काहीच जात नाही, म्हणून लॅबमधली साधी मॅच्ड टर्मिनेशन लावावीशी वाटते. ती १-२ वॅटची असते. एक ॲम्प्लिफायर बंद पडला तर लोडमध्ये ५ वॅट जातात. आणि पहिल्यांदा चालू करताना फेज नेमकी उलट निघाली तर दोन्हीची बेरीज, पूर्ण २० वॅट, लोडमध्ये. आतला कार्बनचा निमुळता तुकडा करपतो, जुळणी बिघडते आणि नंतर मॉड्यूललाही धोका. लोड २५ वॅटचाच घ्या. सोयीचा मार्ग म्हणजे १८ गिगाहर्ट्झपर्यंत चालणारा २५ किंवा ५० वॅटचा ३० डेसिबल कोॲक्स ॲटेन्युएटर, आणि त्याला वेव्हगाइड ॲडॅप्टर. तोच लोड, त्याच्याच दुसऱ्या टोकाला डिटेक्टर (पॉवरचं मीटरला कळेल असं व्होल्टेज करणारा). एक कपलर वाचला.

जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये एक्स-बँडचं बेंच असेल तर निम्मं सामान तिथेच सापडेल: गन ऑसिलेटर (गन डायोडचा छोटा सिग्नल स्रोत), आयसोलेटर, फ्रिक्वेन्सी मीटर, ॲटेन्युएटर, स्लॉटेड लाइन, मॅजिक टी. गन ऑसिलेटर पूर्ण ड्राइव्हला पुरत नाही, पण थंड तपासणी आणि पहिली फेज जुळवणी त्यावर आरामात होते.

फ्लँज

डब्ल्यूआर-९० चा नेहमीचा चौकोनी फ्लँज (गाइडच्या टोकाची जोडायची पट्टी) म्हणजे यूजी-३९, सपाट तोंडाचा. यूजी-४० हा चोक फ्लँज, त्याच्या तोंडावर गोल खाच असते. सपाटाला सपाट चालतो, चोकला सपाट चालतो, चोकला चोक कधीही नाही. भोकांचं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं नसतं: एकीकडे ३२.५ मिमी, दुसरीकडे ३१ मिमी. स्क्रू तिरका जातोय, ठोकून बसवावा लागतोय असं वाटलं तर फ्लँज ९० अंशांत फिरलेला आहे. तसाच आवळला तर गाइडला गाइड आडवं येतं आणि पॉवर पुढे जातच नाही.

तोंडं घासून सपाट करा. जाड काचेवर ६०० नंबरचा वॉटर पेपर, पाणी, आठच्या आकड्यात फिरवायचं, मग १००० नंबर. काळे डाग जाऊन पूर्ण तोंड एकसारखं मॅट दिसलं की झालं. बफिंग करू नका, त्याने कडा गोल होतात आणि नेमक्या गाइडच्या तोंडाशीच फट राहते. स्क्रू ४ मिमीचे, समोरासमोरचे आळीपाळीने, तीन फेऱ्यांत आवळायचे. एमआयडीसीत मिलिंगवाल्याकडून स्पेसर करून घेणार असाल तर कोपऱ्यांची गोलाई १ मिमीपेक्षा जास्त नको, हे चित्रातच लिहून द्या. नाहीतर तो हाताशी असेल त्या कटरने भोक पाडून देतो.

पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भिडवून उघड्यावर ठेवू नका. उन्हाळाभर काही दिसत नाही, पावसाळ्यात जोडावर पांढरी पूड येते.

मॅजिक टी आधी थंड तपासा

मॅजिक टीला चार तोंडं. दोन समोरासमोर, त्यांना १ आणि २ म्हणू. एक आडवं, एच-आर्म. एक उभं, ई-आर्म. १ आणि २ वर सारख्या फेजचे सिग्नल दिले की बेरीज एच-आर्ममधून निघते आणि ई-आर्ममध्ये शून्य. उलट्या फेजचे दिले की सगळं ई-आर्ममधून. आपण एच-आर्मला अँटेना आणि ई-आर्मला लोड धरू.

हे गणित मॅच केलेल्या टीला लागू आहे. आत एक खुंटी आणि एक पट्टी बसवलेली असेल तरच १ आणि २ एकमेकांपासून वेगळे राहतात. नुसते चार गाइड जोडून केलेली टी बाहेरून तशीच दिसते, आणि शिकवण्यासाठी केलेल्या टीत हे हमखास असेल असं समजू नका. म्हणून तीन मोजमापं करायची, उरलेल्या तोंडांना मॅच्ड टर्मिनेशन लावून:

एच-आर्ममध्ये सिग्नल द्या, १ आणि २ वर मोजा: फरक ०.३ डेसिबलच्या आत हवा.

तसंच ठेवून ई-आर्मवर मोजा: ३० डेसिबल किंवा जास्त खाली हवं. इथे कमी आलं तर टी वाकडी आहे किंवा आत कचरा आहे.

१ मध्ये द्या, २ वर मोजा: किमान २० डेसिबल खाली हवं. हा आकडा १०-१२ आला तर टी मॅच केलेली नाही. अशा टीने बेरीज काही प्रमाणात होते, पण दोन्ही ॲम्प्लिफायर एकमेकांच्या आउटपुटमध्ये ढवळाढवळ करतात, एकाचा बायस हलला की दुसऱ्याची पॉवर हलते, आणि कधी कधी ऑसिलेशनही सुरू होतं. ती परत ठेवा, दुसरी शोधा.

स्लॉटेड लाइन (आतली लहर मोजायला खाच पाडलेलं गाइड) हाताशी असेल तर दोन लागोपाठ मिनिममांमधलं अंतर मोजा. १०.३६८ वर ते १८.७ मिमी यायला हवं. नसेल येत तर गन ऑसिलेटर भलत्याच फ्रिक्वेन्सीवर आहे.

सस्तात होतंय म्हणून साधा वाय-जंक्शन वापरू नये. त्याला चौथं तोंड नाही, म्हणजे फरकाची पॉवर जायला जागा नाही. ती उलट ॲम्प्लिफायरमध्ये शिरते. एक मॉड्यूल मेलं की दुसऱ्यालाही घेऊन जातं.

जुळणी

प्रत्येक मॉड्यूल आधी एकटं, डमी लोडवर चालवून पाहा. त्याच सप्लायवर, १५ मिनिटं गरम झाल्यावर, इनपुट किती आणि आउटपुट किती हे लिहून ठेवा. दोघांत १ डेसिबलचा फरक असेल तर काळजी नको. बेरजेत त्याने फक्त ०.३ टक्के जातात. ३ डेसिबलचा फरक असला तरी नुकसान ३ टक्केच. लोक पातळी जुळवण्यात दिवस घालवतात आणि फेज डोळ्यांनी अंदाजे लावतात. वेळ घालवायचाच तर फेजवर घालवा.

काही मॉड्यूलमध्ये गेटला निगेटिव्ह व्होल्टेज बाहेरून द्यावं लागतं. गॅलियम आर्सेनाइडच्या फेटला गेटचं निगेटिव्ह आधी, ड्रेनचं पॉझिटिव्ह नंतर. बंद करताना उलट. हा क्रम हाताने सांभाळू नका, रिले किंवा छोटं सर्किट लावा. वीज जाऊन परत येते तेव्हा बटणापाशी कोणी नसतं.

ड्राइव्हचा हिशोब असा: प्रत्येक मॉड्यूलला १० डीबीएम लागतात. स्प्लिटरचे ३ अधिक नुकसान अर्धा, फेज ट्रिमर आणि ॲटेन्युएटरचे मिळून दीड. म्हणजे स्प्लिटरला १५ डीबीएम, साधारण ३० मिलिवॅट. स्प्लिटरपासून मॉड्यूलपर्यंतच्या दोन्ही केबल एकाच तुकड्यातून, एकाच बेंडने, सारख्या लांबीच्या कापा. एसएमएचं नट ८ मिमीच्या टॉर्क पान्याने आवळा, पितळी कनेक्टरला ०.५६ न्यूटन-मीटर. हाताने आवळलेला एसएमए १० गिगाहर्ट्झवर रोज वेगळी फेज देतो.

आउटपुटकडून: मॉड्यूल, ॲडॅप्टर, बेंड, टीचं तोंड १, आणि तसंच तोंड २ ला. मॉड्यूलचा एसएमए थेट ॲडॅप्टरमध्ये जाईल अशी मांडणी करा, मधे केबल नको. टीची दोन तोंडं विरुद्ध दिशांना असतात, म्हणून बेंड लागतात. बेंड दोन प्रकारचे: रुंद बाजू सपाट ठेवून वळणारा एच-बेंड आणि रुंद बाजूच वळवणारा ई-बेंड. एका बाजूला एक आणि दुसरीकडे दुसरा असं चालत नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ होणारी जागा. ॲडॅप्टरमधला प्रोब गाइडच्या रुंद भिंतीतून आत येतो. तो वरून येतो की खालून, यावर आउटपुटची फेज १८० अंशांनी बदलते. एच-बेंड वापरले असतील तर दोन्ही प्रोब वरूनच, किंवा दोन्ही खालूनच. ई-बेंड वापरले असतील तर दोन्ही बाहेरच्या अंगाने किंवा दोन्ही आतल्या अंगाने, म्हणजे आरशातल्यासारखे. एक ॲडॅप्टर उलटा बसला की बेरीज लोडमध्ये आणि अँटेनाला शून्य. हाच गुण कामालाही येतो: फेज ट्रिमर टोकाला जाऊनही पुरत नसेल आणि नेमके १८० अंश हवे असतील, तर एक ॲडॅप्टर काढून उलटा लावायचा. काहीही नुकसान नाही.

फेज जुळवणे: जास्तीत जास्त शोधू नका, शून्य शोधा

बहुतेक जण अँटेनाच्या बाजूला मीटर लावून ट्रिमर फिरवत सर्वात मोठा आकडा शोधतात. तो डोंगरमाथा फार सपाट असतो. फेज २० अंशांनी चुकली तर बेरीज फक्त ०.१३ डेसिबलने उतरते. साध्या डिटेक्टरला ते कळतही नाही. पण त्याच वेळी लोडच्या तोंडावर बघा: २० अंशांना तिथे एकूण पॉवरच्या १५ डेसिबल खाली, १० अंशांना २१ डेसिबल खाली, ५ अंशांना २७. इथे काटा झपाझप पडतो. म्हणून डिटेक्टर लोडच्या बाजूला लावायचा आणि तिथलं किमान शोधायचं.

क्रम असा ठेवा.

एच-आर्म आणि ई-आर्म दोन्हीला मोठे लोड. दोन्हीकडे ३० डेसिबलमागे डिटेक्टर, आणि सुरुवातीला त्याआधी आणखी २० डेसिबल ॲटेन्युएटर. २० वॅट म्हणजे ४३ डीबीएम. ३० काढले तरी १३ उरतात, आणि तेवढ्यात क्रिस्टल डिटेक्टर जाऊ शकतो.

ड्राइव्ह पूर्णाच्या १० डेसिबल खाली. एकच मॉड्यूल चालू करा: दोन्ही तोंडांवर सारखा आकडा यायला हवा. दुसरं एकटं चालू करून तेच पाहा. इथे फरक दिसला तर टी किंवा जोड तपासा, पुढे जाऊ नका.

दोन्ही चालू करा, ट्रिमर सावकाश फिरवा, लोडचा आकडा पाडा. किमान सापडलं की पातळीचा ॲटेन्युएटर अर्ध्या-एक डेसिबलने बदलून पाहा. आणखी खाली जातं का ते कळेल. किमान उथळ असेल आणि ट्रिमर फिरवून फरक पडत नसेल तर दोष फेजचा नाही, पातळीचा आहे. १ डेसिबल पातळीच्या फरकाला, फेज अचूक असली तरी, लोड २५ डेसिबलच्या खाली जात नाही.

मग ड्राइव्ह ३-३ डेसिबलने वाढवत पूर्णावर न्या. ॲम्प्लिफायर दाबले जाऊ लागले की त्यांची फेज सरकते, आणि दोघांची सारखी सरकत नाही. म्हणून पूर्ण ड्राइव्हवर आणि गरम झाल्यावर ट्रिमर पुन्हा लावायचा आणि तिथे लॉक करायचा. थंड असताना लावलेली फेज फक्त सुरुवातीची.

लोड एकूण पॉवरच्या २० डेसिबल खाली आला की थांबा. म्हणजे एक टक्का वाया. २० वॅटमागे ०.२ वॅट. त्यापुढे ३५-४० डेसिबलचा खड्डा दिसला तर छान दिसतो, पण दुपारी ऊन वाढलं की तो सरकलेला असतो.

ट्रिमर नसेल तर आउटपुटच्या बाजूला पितळी शिम हा शेवटचा उपाय. गाइडच्या मापाचं भोक पाडलेली १ मिमीची पट्टी एका फांदीत घातली की ९.६ अंश. ०.५ मिमी म्हणजे ५ अंशांहून थोडे कमी. दोन-तीन जाडीच्या करून ठेवल्या की काम भागतं, पण प्रत्येक शिम म्हणजे आणखी एक जोड आणि आणखी एक फट.

हे सगळं करताना उघड्या गाइडच्या तोंडात डोकावू नका. २० वॅट २.३ चौरस सेंमीतून बाहेर येतात, म्हणजे चौरस सेंमीला साडेआठ वॅटच्या वर. सर्वसामान्य माणसासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस सेंमीला १ मिलिवॅट आहे. डोळ्यात रक्तप्रवाह कमी, त्यामुळे उष्णता वाहून जात नाही आणि इजा झाल्याचं लगेच कळत नाही. जोड सोडवायचा तर आधी सप्लाय बंद.

उन्हाळा

पुस्तकातली हीटसिंकची गणितं २५ अंशांच्या खोलीतली असतात. इथे मे महिन्यात भुसावळ-जळगावला सावलीत ४५ असतं. दोन मॉड्यूल मिळून ९६ वॅट घेतात, २० बाहेर पडतात, ७६ वॅटची उष्णता उरते. मॉड्यूलचा तळ ६५ अंशांच्या आत ठेवायचा असेल तर २५ अंशांच्या खोलीत ०.५३ अंश प्रति वॅटचा हीटसिंक चालतो. ४५ अंशांना ०.२६ चा लागतो. म्हणजे दुप्पट, आणि पंख्याशिवाय अशक्य. डब्बा उन्हात असेल तर आतली हवा ४५ च्याही वर जाते, म्हणून वर पांढरा पत्रा, मधे बोटभर हवा.

दोन्ही मॉड्यूल एकाच जाड ॲल्युमिनियम प्लेटवर बसवा, १० मिमी तरी. वेगवेगळ्या हीटसिंकवर ठेवले आणि पंख्याची हवा एकालाच जास्त लागली की एकाची फेज दुसऱ्यापेक्षा वेगळी सरकते.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की हवेत कापसाचा तंतू उडतो. तो पंख्याच्या जाळीवर आणि फिनांत गादीसारखा बसतो. त्या हंगामात जाळी आठवड्याला झटकायची. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, तंतूपेक्षा ओल जास्त त्रास देते.

पाणी आणि किडे यांच्यासाठी गाइडचं बाहेरचं तोंड बंद हवं. मायलर किंवा कॅप्टॉनची पातळ प्लास्टिक फिल्म शेवटच्या फ्लँजमध्ये घाला, ०.०५ मिमीची १० गिगाहर्ट्झला जाणवतही नाही. आडोशाला ठेवलेल्या उघड्या गाइडमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते, आणि ओली माती हा उत्तम लोड असतो. चाचणीआधी टॉर्च मारून पाहावं, सप्लाय बंद असताना.

कायमची बांधणी करायची असेल तर

मॅजिक टी पहिल्या प्रयोगाला बरी. डब्ब्यात बसवायची तर तिची ई-आर्म वर तोंड करून आडवी येते आणि बेंडांनी जागा जाते. तिथे शॉर्ट-स्लॉट हायब्रिड जास्त चांगला: दोन गाइड अरुंद भिंतीने चिकटवलेले आणि मधल्या सामाईक भिंतीला ठरावीक लांबीचा स्लॉट. हेन्री रिब्लेट यांनी १९५२ मध्ये तो मांडला, आणि अजून तोच चालतो. चारही तोंडं समांतर, म्हणून दोन मॉड्यूल शेजारी-शेजारी सरळ लागतात.

फरक एवढाच की याच्या दोन फांद्यांत ९० अंशांचा फरक असतो. त्यामुळे इनपुटला विल्किन्सन काढून ९० अंशांचा हायब्रिड लावायचा. त्याचा एक फायदा असा की दोन्ही मॉड्यूलच्या इनपुटवरून परतणारा सिग्नल हायब्रिडच्या चौथ्या तोंडावरच्या लोडमध्ये जिरतो, आणि ड्राइव्हर सुखी राहतो. चूक इथे ठरलेली: आउटपुट हायब्रिडची कोणती दोन तोंडं अँटेना आणि लोड, हे उलटं होतं. इनपुटला जे मॉड्यूल सरळ फांदीवर आहे, त्याला आउटपुटला आडव्या फांदीतून जावं लागतं. म्हणजे बेरीज तिरप्या तोंडातून बाहेर येते. कमी ड्राइव्हवर दोन्ही तोंडं मोजा आणि मगच अँटेना जोडा.

चार मॉड्यूल करायची असतील तर दोनाच्या दोन जोड्या आणि वर तिसरा हायब्रिड. वेव्हगाइडमध्ये प्रत्येक पायरीला दहावा हिस्सा डेसिबल जातो, हे परवडतं. पण प्रत्येक जोडी आधी स्वतंत्र जुळवायची, तिचा ट्रिमर लॉक करायचा, आणि मग दोन जोड्यांमधली फेज. सगळे ट्रिमर एकदम फिरवत बसलं तर खोटं किमान सापडतं. तीन मॉड्यूल जोडायच्या भानगडीत पडू नका. साधे हायब्रिड दोन, चार, आठ अशा दुपटीनेच काम करतात.

चालू झाल्यावर

लोडच्या तोंडावरचा डिटेक्टर काढून नेऊ नका, तो कायमचा ठेवा आणि पॅनेलवर काटा लावा. अँटेनाच्या बाजूलाही एक. दोन काटे मिळून जवळजवळ सगळं सांगतात. अँटेना २० वॅट, लोड ०.२ च्या खाली: ठीक. दोन्हीकडे ५-५ वॅट: एक मॉड्यूल मेलं. यात एकूण पॉवर अर्धी होते, पण अँटेनाला चौथा हिस्साच पोचतो, उरलेला लोड गरम करतो. अशा वेळी दुरुस्ती होईपर्यंत चांगलं मॉड्यूल थेट अँटेनाला जोडलं तर ५ चे १० वॅट होतात. दोन्हीकडे १०-१० वॅट: मॉड्यूल दोन्ही जिवंत आहेत, फेज ९० अंशांनी सरकली, एसएमएचं एखादं नट सैल झालं असेल किंवा ट्रिमरचं लॉक. अँटेना शून्य, लोड २०: कोणीतरी ॲडॅप्टर काढून उलटा लावला.

दोन्ही मॉड्यूलचा करंट वेगवेगळा मोजता येईल अशी सोय ठेवा, प्रत्येकाच्या वायरीत ०.०१ ओहमचा शंट. ४ अँपिअरला ४० मिलिव्होल्ट येतात, साधा मल्टिमीटर पुरतो. आणि लोडवर ३ वॅटच्या वर गेलं की ड्राइव्ह तोडणारा एक कंपॅरेटर आणि रिले बसवा. ड्रेनचा सप्लाय तोडण्यापेक्षा ड्राइव्ह तोडणं मॉड्यूलला सोसतं.